साहेब कुणालाच नाही म्हणत नसत

पवनचक्कीवर एकट्यानं चढायचं नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. वर जाणारे कायम दोघं. एकाचा पट्टा दुसऱ्यानं तपासायचा, एकानं पाना मागायचा, दुसऱ्यानं द्यायचा, आणि वर एखाद्याला चक्कर आली किंवा काही लागलं तर दुसऱ्यानं त्याला दोरावरून खाली उतरवायचं. त्यामुळं जोडीदार कोण मिळतो यावर आमचं सगळं असतं. माझा जोडीदार माझ्याशी बोलत नव्हता आणि मी त्याच्याशी बोलत नव्हतो, तरी आम्ही दोघं रोज एकाच शिडीनं वर जात होतो, त्या दिवसांची ही गोष्ट आहे.

मी तेरचा. आयटीआय झाल्यावर इकडंतिकडं हात मारून पाहिले आणि भूमच्या पलीकडं डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची देखभाल करणाऱ्या कंपनीत लागलो. तो परंड्याकडच्या सोनारीचा. घर मेंढरांचं, वडील अजूनही कळप घेऊन रानोमाळ फिरणारे. पगार घेणारा घरातला तो पहिलाच. आम्ही एकाच वेळी कामाला लागलो, भूममध्ये एक खोली भाड्यानं घेतली आणि एकमेकांचे जोडीदार झालो. शेंगोळे तो करायचा, भाकरी मी थापायचो. माझी भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तुटायची. तो ताटात घेऊन म्हणायचा, "ही भाकर हाय का नकाशा? यात आपला भूम तालुका कुठाय?" तो तापट होता, पण राग आला की तिथंच बोलून मोकळा व्हायचा. संध्याकाळपर्यंत त्याचं काही शिल्लक नसायचं.

आमचे साइट इनचार्ज, म्हणजे तिथले साहेब, वाईट आहेत असं त्या काळी कुणी म्हणालं नसतं. उलट सगळे त्यांचं कौतुक करायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर हात, आणि प्रत्येकाला "राजा" म्हणायची सवय. आत गेलं की आधी चहा सांगायचे. रजा मागा, बदली मागा, नवीन बूट मागा, साहेब कधी नाही म्हणायचे नाहीत. "बघतो ना राजा," म्हणायचे. "तुझं काम म्हणजे झालंच समज."

कुणाचं भांडण झालं की साहेब एकेकाला आत बोलवायचे, दार लावून घ्यायचे. स्टोअरवाला आणि जीपचा ड्रायव्हर एकदा हातघाईवर आले होते. साहेबांनी आधी एकाला घेतलं, मग दुसऱ्याला. दोघंही हसत बाहेर आले. आम्हाला वाटलं, काय माणूस आहे! त्यानंतर ते दोघं पुन्हा कधी भांडले नाहीत, हे खरं. पण ते एका टेबलावर जेवायलाही बसले नाहीत, आणि ड्रायव्हरनं थोड्याच दिवसांत काम सोडलं. तेव्हा या दोन गोष्टींचा आम्ही काही संबंध लावला नाही. आवाज बंद झाला की साहेबांच्या लेखी भांडण मिटलेलं असायचं, आणि आम्हालाही तसंच वाटायचं.

चैत्रात वारा पडलेला असतो. तेव्हा एकेक मशीन बंद करून तिची वर्षाची सर्व्हिस करतात. त्या वर्षी माझ्या बहिणीचा साखरपुडा चैत्रात ठरला. वडील गेल्यापासून घरातला कर्ता मीच. त्याच दिवशी सोनारीला काळभैरवाची यात्रा, आणि जोडीदाराच्या पोराचं जावळ तिथं देवापुढं काढायचं होतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेलं पोर. बायकोनं नवस बोललेला. आम्ही दोघांनीही फार आधी रजा सांगून ठेवली होती, आणि साहेबांनी दोघांनाही "झालंच समज" म्हटलं होतं. आम्ही खोलीवर हसलो होतो, की दोघंही एका दिवशी गेलो तर मशीन काय वारा खात बसेल! तरी साहेब म्हणालेत म्हटल्यावर काहीतरी सोय केली असेल असं धरून आम्ही निश्चिंत होतो.

आदल्या दिवशी दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं. दार लावलं. चहा आला.

"राजा, मोठी पंचाईत झालीय," ते म्हणाले. "तुला मी सोडणारच होतो. पण तुझा जोडीदार अडून बसलाय. म्हणतो, त्याला सोडलं तर मीही थांबत नाही. आणि दोघं गेलात तर मशीन उघडी पडते. वरून माणसं पाहणीला यायचीत. मग मी काय करू? दोघांनाही थांबवावं लागतंय."

माझा विश्वासच बसेना. "साहेब, बहिणीचा साखरपुडा आहे हे त्याला माहीत आहे की."

"माहीत आहे म्हणूनच वाईट वाटतं ना! मी त्याला म्हटलं, अरे जावळ काय, पुढच्या यात्रेला काढता येईल. नाही ऐकत. तू समजूतदार आहेस, तुझ्यावर माझा विश्वास आहे. आणि हे त्याला काही बोलू नकोस. उगाच वाढतं."

मी बाहेर आलो. साइटच्या अंगणात तो पाणी पीत उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. साहेब म्हणाले ते खरंच दिसतंय. मी त्याला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वर होतो. टॉवरच्या माथ्यावर मशीनची खोली असते, एखाद्या टेम्पोच्या हौद्याएवढी. तिथं ग्रीसच्या वासात, उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली, पाठीला पाठ लावून काम करायचं. माझा फोन सारखा थरथरत होता. चुलत्यांनी फोटो पाठवले होते. बहीण हिरव्या साडीत, पुढ्यात ओटी, आणि माझ्या जागेवर चुलते बसलेले. थोड्या वेळानं त्याचाही फोन वाजला. त्यानं व्हिडिओ लावला. हलगीचा आवाज, बायांचा गलका, आणि पोराचं रडणं. मामाच्या मांडीवर बसवून त्याचं जावळ काढत होते. तो व्हिडिओ त्यानं पुन्हा लावला. त्याचे खांदे हलत होते. मला ते दिसत होतं, आणि मी मनात म्हणत होतो, बरं झालं. मला अडवायला निघाला होता ना, आता बस इथंच.

तोही माझ्याबद्दल नेमकं हेच म्हणत होता, हे मला कळायला पुढं फार काळ जावा लागला.

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. आधी खोलीवर दोन चुली झाल्या. मग त्यानं दुसरी खोली बघितली. पण काम तेच, शिडी तीच. त्याचा पट्टा तपासताना मी बकल इतकं आवळायचो की तो दात खायचा. वरून तेलाचं रिकामं डबडं दोरानं सोडताना तो मला सावध करायचा नाही. मी आपला वर मान करून अंदाज घेत बाजूला सरकायचो. जेवताना तो टॉवरच्या एका बाजूच्या सावलीत आणि मी उन्हात, कारण सावली एकच असते आणि तिथं तो आधी पोचायचा.

वर आणि खाली असताना बोलावं तर लागतंच. त्यावर आम्ही उपाय काढला. कंट्रोल रूममध्ये लोहाऱ्याचे एक वयस्कर ऑपरेटर बसायचे; सगळ्या मशीन त्यांना पडद्यावर दिसायच्या आणि सगळ्यांचे वॉकीटॉकी त्यांना ऐकू यायचे. डोंगराच्या त्या अंगाला आमच्या दोघांच्या वॉकीटॉकीचा एकमेकांना आवाज लागत नाही असं आम्ही सांगून टाकलं, आणि तो त्यांना सांगायचा, ते मला सांगायचे. खालच्या पायरीवर तो, वर मी, आणि बोलणं मात्र मैलभर लांबच्या खोलीतून.

"अरे मी काय तुमचा पोस्टमन हाय का?" ऑपरेटर चिडायचे. "नवराबायकू तरी बरी, ती लेकरामार्फत बोलत्यात. तुमी मला लेकरू केलंय व्हय ह्या वयात?"

मी साहेबांकडं जाऊन सरळ सांगितलं, "मला दुसरा जोडीदार द्या. याच्याबरोबर वर जायला भीती वाटते."

साहेब हसले. "राजा, भांड्याला भांडं लागतंच. बघतो ना." चहा आला.

पुन्हा गेलो. पुन्हा चहा. जोड्या बदलायच्या म्हणजे पूर्ण साइटचं वेळापत्रक हलवायचं, आणि ज्याची जोडी मोडेल तो येऊन कुरकुर करणार. साहेबांना कुरकुर सहन व्हायची नाही. मग त्यांनी एके दिवशी सगळ्या स्टाफला मटणाचं जेवण दिलं, आम्हा दोघांना मुद्दाम शेजारी बसवलं आणि समोरून म्हणाले, "बघा, कसे शोभतात!" सगळे हसले. आम्ही दोघं तेवढे हसलो नाही. मी रस्सा तसाच टाकून उठलो.

दर वेळी माझी तक्रार ऐकून साहेब काय करायचे, तेही पुढं कळलं. ते त्याला बोलवायचे आणि सांगायचे, "तुझ्याविरुद्ध बोलत होता. मी सांभाळून घेतलं." आणि त्याची तक्रार ऐकून मला म्हणायचे, "तो काहीबाही बोलत होता, मी दाबलं." दोघांच्या मनात साहेबच आपले कैवारी. दोघांच्या मनात दुसरा हा साप.

पावसाळ्यात वारं सुरू झालं की मशीनला क्षणाची उसंत नसते. बंद पडली की फोनवर फोन येतात. श्रावणात एका मशीनचं डोकं वळेना. वारा ज्या अंगानं येईल त्या अंगाला चक्कीचं तोंड फिरावं लागतं. त्यासाठी वरच्या खोलीच्या तळाशी एक मोठं दातेरी चाक असतं. त्याची मोटर बदलून झाली होती. मी वर, तो पायथ्याला पॅनेलजवळ. काम करताना वरचं बटण बंद ठेवायचं असतं. मी ते चाचणीसाठी चालू केलं आणि तेवढ्यात मला चाकाजवळ फडक्याचा तुकडा अडकलेला दिसला. फडकं ओढलं जाऊन पुन्हा मोटर जाईल, म्हणून मी वॉकीटॉकीवर ऑपरेटरना म्हणालो, "त्याला थांब म्हणावं," आणि फडकं काढायला डावा हात आत घातला.

वाऱ्याचा घोंगाट चालू होता. त्याच वेळी दुसऱ्या मशीनवरून कुणी तरी ऑपरेटरना हाका मारत होतं. त्यांनी खाली सांगितलं, "थांबलाय म्हणं."

थांबलाय म्हणजे काम थांबलं, झालं, असं खाली त्यानं धरलं. आणि खालून मशीन चालू केली.

मला फक्त एवढं आठवतं की पायाखालची खोली हलली आणि माझा डावा हात माझा राहिला नाही. मी ओरडलो की नाही माहीत नाही. उजव्या हातानं लाल बटण दाबलं आणि तसाच बसलो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुढून गेलं होतं.

तो शिडीनं वर आला. एवढी उंच शिडी तो कसा चढला, मधल्या फळीवर टेकला की नाही, मला ठाऊक नाही. खोलीत शिरला तेव्हा त्याला श्वास घेता येत नव्हता. माझ्या हाताकडं बघून त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, आवळून बांधला, मला पट्ट्यात अडकवलं.

"धर," तो म्हणाला. मग, "पाय टाक." मग, "खाली बघू नको."

इतक्या महिन्यांत तो माझ्याशी तेवढंच बोलला. मी एकही शब्द बोललो नाही. दोरावर लोंबकळत खाली येताना माझ्या डोक्यात एकच होतं: यानं मुद्दाम केलं.

बार्शीला नेलं, बोटं शिवली, काही आठवडे मी तेरला घरी होतो. आई हातावरची पट्टी बघून रोज विचारायची, "असा कसा रं वैरी पाळला तुमच्या कंपनीनं?" बहीण काहीच विचारायची नाही. तिच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला मी एक हात गळ्यात अडकवून फिरलो.

परत हजर झालो त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना अंगणात जमवलं. मला वाटलं चौकशी होणार. कुणाची चूक, जोड्या का बदलल्या नाहीत, ऑपरेटरमार्फत बोलायची वेळ का आली, कुणीतरी विचारणार. साहेबांनी मला पुढं बोलावलं, त्याला पुढं बोलावलं आणि म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. आपली साइट म्हणजे एक कुटुंब आहे. हात मिळवा दोघं."

माझ्या डाव्या हाताला पट्टी होती. साहेबांनी माझा उजवा हात धरला आणि त्याच्या हातात दिला. त्याचा हात थंडगार आणि ओला होता. एक जण फोन घेऊन पुढं झाला. "हसा की जरा," साहेब म्हणाले. तो फोटो कंपनीच्या ग्रुपवर गेला आणि खाली टाळ्यांच्या रांगा लागल्या.

हात सुटल्यावर त्यानं आपला तळहात पँटला पुसला. सगळ्यांनी बघितलं.

त्या फोटोनंतर तर आमच्यात जे होतं त्याला दुश्मनीच म्हणावं लागेल. आधी निदान राग होता. आता एकमेकाचं वाईट व्हावं असं वाटायचं. तो चढताना घसरला तर मला आनंद होईल, असं मला वाटायचं, आणि मी ते मनातून काढायचा प्रयत्नही करत नव्हतो. बाकीच्यांतही दोन तट पडले. तेर-ढोकीकडची पोरं माझ्या बाजूला, परंड्याकडची त्याच्या. कुणाचा पाना हरवला तरी तो दुसऱ्या तटानं पळवला. मशीन बंद पडली की आधी दोष कुणाचा ते ठरायचं, मग दुरुस्ती. साहेबांच्या खोलीचं दार जास्तच वेळा लागायला लागलं, आणि चहाचं पातेलं उतरायलाच तयार नाही.

मग साहेबांना बढती मिळाली. त्यांच्या साइटवर भांडणं नाहीत, कधी वरपर्यंत तक्रार येत नाही, असं त्यांच्याबद्दल मत होतं म्हणे.

त्यांच्या जागी लातूरकडच्या एक मॅडम आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बऱ्याच जणांना रजा नाकारली, तीही तोंडावर. "नाही. माणसं कमी आहेत. पुढच्या सोमवारी घ्या, देते." चहा नाही, राजा नाही. सगळे वैतागले. मीही. बाई फटकळ आहे, हिच्या तोंडाला लागू नये, असं ठरलं.

एके दिवशी त्यांनी मला बोलावलं. आत गेलो तर तो आधीच बसलेला. मी दारातून मागं फिरलो.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "दार उघडंच राहू द्या. मला तुमच्या दोस्तीशी काही देणंघेणं नाही. वर जाणारे दोघं एकमेकांशी बोलतात की नाही, एवढंच मला पाहिजे. ऑपरेटर म्हणतात, बोलत नाहीत. का?"

मला त्या बाईचा भयंकर राग आला. असं न सांगता त्याच्यासमोर आणून बसवायचं म्हणजे काय?

"रजेवरून सुरू झालं असं ऐकलं," त्या म्हणाल्या. "कुणी कुणाची रजा अडवली?"

"यानं," आम्ही दोघंही म्हणालो.

मॅडमनी एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. "आधी तुम्ही सांगा. काय झालं?"

तो खालमानेनं बोलू लागला. "साहेबांनी मला आत घेतलं. म्हणले, तुला सोडतच होतो, पण तुझा जोडीदार अडून बसलाय. म्हणतो, त्याला सोडलं तर मी बी थांबत न्हाय. म्हून दोघास्नी थांबवतो. आन् म्हणले, त्याला बोलू नको, उगं वाढंल."

मी म्हणालो, "हेच मला सांगितलं. शब्दाला शब्द."

"खोटं."

"आईची शपथ."

बाहेर जीप धुवायचा आवाज येत होता. मग तो उठला आणि खुर्ची इतक्या जोरात ढकलली की ती भिंतीवर आपटली. मला वाटलं तो साहेबांना शिव्या देईल. पण तो माझ्याकडं वळला.

"आन् तू मानलंस?" तो म्हणाला. "माझ्या पोराचं जावळ हाय, हे तुला ठावं होतं. म्या तुझ्या बहिणीचा साखरपुडा मोडीन? एका ताटात जेवलो लेका आपण. मला येऊन इचारलं का न्हाईस?"

"तू तरी कुठं विचारलंस?" मीही उभा राहिलो. "तूही मानलंसच ना? आणि माझी बोटं गेल्यावर?"

"साहेब म्हणले, तू सगळीकडं सांगतोस म्या मुद्दाम केलं म्हून!"

ते साहेबांना मी कधी सांगितलं नव्हतं. पण मनात तर तेच होतं.

"झालं?" मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात ना माया होती ना राग. "आता एकच सांगा. एकत्र की वेगळे?"

"वेगळे," आम्ही दोघंही म्हणालो.

"ठीक आहे. उद्यापासून."

आणि दुसऱ्या दिवशी जोड्या बदलल्या. दोघंतिघं येऊन कुरकुरले. मॅडमनी ऐकून घेतलं आणि बदल तसाच ठेवला. इतक्या दिवसांत ज्याला "बघतो" एवढंच उत्तर होतं, ते काम एका वाक्यात झालं. मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण मी त्या रात्री जेवलो नाही. वैऱ्यानं माझं वाकडं केलं, यात निदान एक आधार होता. वैरीच नव्हता म्हटल्यावर माझी बोटं, त्याचा व्हिडिओ, दोन चुली, हे सगळं कशासाठी झालं? आणि एवढं कळूनही सकाळी तो समोर आला तेव्हा मी पूर्वीसारखंच तोंड फिरवलं. त्यानंही तेच केलं. सवय कळण्यानं जात नाही.

साइट मात्र हळूहळू बदलली. ऑफिसमधून भांडणाचे आवाज यायला लागले. स्टोअरवाला मॅडमपुढं ओरडायचा, समोरचा ओरडायचा, दार उघडं असायचं, सगळे ऐकायचे, आणि काय ठरलं ते सगळ्यांना कळायचं. लोहाऱ्याचे ऑपरेटर म्हणायचे, "आता निदान भांडान ऐकू तरी येतंय. आधी नुसता वास यायचा."

पुढच्या वर्षी साहेब मोठ्या हुद्द्यावरून पाहणीला आले. जेवणाला सगळे होते, काही नवीन भरती झालेली पोरंही. साहेबांनी आम्हा दोघांना हाक मारून आपल्या दोन्ही बाजूंना बसवलं आणि दोघांच्याही पाठीवर हात टाकले.

"हे दोघं बघा," ते नवीन पोरांना म्हणाले. "एके काळी एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मी जोडून दिले. प्रेमानं सगळं होतं."

त्यानं घास खाली ठेवला. साहेबांचा हात पाठीवरून काढला; झिडकारला नाही, एखादं औजार बाजूला ठेवावं तसा काढून ठेवला.

"साहेब," तो म्हणाला, "जावळाच्या टायमाला तुमी मला आत घेऊन काय सांगितलं होतं, ते ह्या पोरास्नी सांगा."

साहेब हसले. "अरे राजा, जुनं कशाला उकरतोस?"

"आणि मला काय सांगितलं होतं, तेही सांगा," मी म्हणालो.

मॅडम आपल्या ताटातली भाकरी मोडत राहिल्या. त्यांनी साहेबांना सोडवलं नाही. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला, हसू तसंच ठेवलं आणि म्हणाले, "मला पुढं बीडला जायचंय. वेळ झाला." हात धुऊन ते गेले. ते हसू गाडीत बसेपर्यंत त्यांच्या तोंडावर होतं. त्या गोड चेहऱ्याचा मी जितका तिरस्कार केला, तितका आणखी कुणाचा केलेला नाही.

थोड्याच दिवसांत माझ्या जुन्या जोडीदाराची बदली कर्नाटकात गदगकडच्या साइटवर झाली. त्याच्या प्रगतीसाठी, असं वरून कळवलं होतं. मॅडमनी दोनदा फोन करून विरोध केला. काही उपयोग झाला नाही. माझी बदली झाली नाही. का, ते मला कळलं नाही, पण लोकांनी आपापलं काढलं. साहेबांनी माझ्याशी पुन्हा काही गोड साटंलोटं केलं असेल, असं परंड्याकडची पोरं म्हणायची. त्यानंही तसंच मानलं का, ते मी विचारलं नाही. आणि हे लिहिताना मला कळतंय की मी पुन्हा विचारलं नाही.

तो निघाला त्या दिवशी मी साइटवर होतो. त्यानं सगळ्यांना हात केला, माझ्यासमोर आला आणि थांबला. माझ्या डाव्या हाताकडं बघितलं.

"थंडीत दुखतं का?" त्यानं विचारलं.

"दुखतं," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि बॅग खांद्यावर टाकून जीपमध्ये बसला. त्याच्या पोराच्या शाळेचं काय केलं, बायको सोनारीलाच राहणार की बरोबर जाणार, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. जीप फाट्याकडं उतरली. माझा नवीन जोडीदार पट्टा घेऊन उभा होता. मी त्याचं बकल तपासलं, त्यानं माझं तपासलं, आणि आम्ही चढायला लागलो.